मी सांगेपर्यंत मोज

कोल्हापूर,
रविवार, २२ नोव्हेंबर २००९

प्रिय शालन,

हा एवढा शब्द लिहायला मला अर्धा तास लागला. चौतीस वर्षांच्या संसारात मी तुला एकच पत्र लिहिलंय, लग्न ठरल्यावर. त्यात वर ‘जयभीम’ आणि खाली ‘वऱ्हाड किती माणसांचं येणार ते कळवणे’ एवढंच होतं. ते तू अजून ट्रंकेत ठेवलंयस, हे मला परवा कळलं. धम्मपालच्या घरी फोन आहे, प्रसेनजीतनं घेऊन दिलेला मोबाइल तुझ्या कनवटीला आहे, मग हा माणूस पोस्टात पैसे का घालवतोय असं तुला वाटेल. तुझा भाऊ तर हे पाकीट बघून हसेलच. का लिहितोय ते शेवटी सांगतो, आधी इकडची हकीकत ऐक.

इकडं सगळं बरं आहे म्हणायची पद्धत आहे, पण बरं काही नाही. तू गेल्यापासून सहा आठवडे मी माझ्या हातचं खातोय आणि मला त्याचा वीट आलाय. पिठलं केलं तर त्यात गाठी, भात केला तर त्याचा लगदा. शेजारच्या चिमणाबाई दोन भाकरी आणून देतात, पण भाकरीबरोबर रोज तोच प्रश्न येतो, “वैनी कवा येणार वो?” मी म्हणतो, येईल. त्या मान हलवतात आणि जाताना आपल्या दारात उभ्या राहून कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेतानं म्हणतात, “न्हाय, अजून न्हाय आलेली.” अठ्ठावीस वर्षं एसटी स्टँडवर गाडी उशिरा येतेय हे सांगत आलो, आता माझ्याच घरची गाडी उशिरा असल्याचं गल्लीभर पुकारलं जातंय.

तुला एक कबुली द्यायची राहिली आहे. पोटमाळ्यावर तुझ्या जुन्या जांभळ्या लुगड्यात एक लांबडी वस्तू गुंडाळून ठेवलेली आहे. छत्री नव्हे, तो माईक आहे. निवृत्तीच्या दिवशी प्रसेनजीतनं मला तो मुठीत मावणारा कॅमेरा दिला आणि म्हणाला की आता बाबा, तुम्ही लेणी फिरा, बोला, चित्र काढा, मी इंटरनेटवर चढवतो, जगभर बघतील. पोरगा बोलून पुण्याला गेला आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेला. पहिलं चित्र पोहाळ्याच्या लेण्यात काढलं ते तुला आठवत असेल. मी तासभर बोललो होतो आणि घरी येऊन ऐकलं तर नुसता घूं घूं आवाज, विहिरीत कुणीतरी पडल्यासारखा. ज्याचा आवाज ऐकून माणसं धावत मिरजेची गाडी पकडायची त्याची ही दशा. मला माझ्या कॅमेऱ्याची इतकी शिसारी आली की दोन दिवस मी तो हातात धरला नाही.

मग मी तुला न सांगता राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याच्या केसांना इतकं काहीतरी चोपडलेलं होतं की दिवा त्यात दिसत होता. तो तोंडातलं न थुंकता बोलत होता. “काका, टीव्हीवाले ह्योच वापरत्यात. शंभर फुटांवरची कुजबुज ओढतोय.” मी पण स्टँडवरचा माणूस, माईक म्हटलं की मला वाटतं आपल्याला सगळं कळतं. काही न विचारता ती बंदुकीची नळी घेऊन आलो. घरी येऊन कॅमेरा उलटा केला, सुलटा केला, चष्मा लावला, भिंग लावलं. त्याला माईक जोडायला भोकच नाही. एक भोक होतं ते मनगटाची दोरी ओवायचं. परत घेऊन गेलो तर तोच चोपडलेला म्हणतो, डबा फोडलाय काका, आता परत नाही. प्रवाशांनी आपापल्या सामानाची खात्री करून घ्यावी, हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा म्हटलं असेल. त्या दिवशी चालत घरी आलो आणि तू विचारलंस कुठं गेला होतासा, तर मी तुझ्यावरच खेकसलो.

शेवटी आण्णाकडं गेलो, शुक्रवार पेठेतला स्पीकर भाड्यानं देणारा आण्णा. त्याच्या दुकानात पाय ठेवायलाही मला किळस येते. जिकडं तिकडं पानाच्या पिचकाऱ्या आणि गुंतलेल्या वायरी, त्यात मांजर व्यालेलं. पण माणूस खरं बोलतो. कॅमेरा बघून म्हणाला, “ह्याला कानच न्हाय, आणि तू बंदूक घिऊन हिंडालाईस व्हय?” त्यानं टेबलावर तीन माईक मांडले. हातात धरायचा घेतलास तर आइस्क्रीम खाल्ल्यागत दिसशील म्हणाला. लांबड्याला कॅमेऱ्यात जागा नाही आणि लेण्यात तो चारी भिंतींवरनं परत आलेला आवाज गोळा करणार. तिसरा होता तो शर्टाच्या गुंडीएवढा, कॉलरला अडकवायचा. सोबत खिशात मावणारा एक रेकॉर्डर, म्हणजे आवाज कॅमेऱ्यात जायचाच नाही, वेगळा साठायचा. “माईक मोठा असून चालत न्हाय बाळासो,” आण्णा म्हणाला, “त्यो तोंडाजवळ पायजे. एवढंच कळतंय मला चाळीस वर्षांत.” मी तो घेतला.

आवाज वेगळा आणि चित्र वेगळं, तर ते जुळवायचं कसं, त्यावर त्यानंच टाळीची युक्ती सांगितली. दोन्ही यंत्रं चालू करायची, कुणीतरी कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची. मग घरी संगणकावर टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक ठेवला की पुढचं सगळं आपोआप जुळतं. ती टाळी तू वाजवायचीस. पिशवी खाली ठेवून, पदर सारखा करून, माझ्यासमोर उभी राहून तू दोन्ही हात छातीसमोर आणायचीस आणि एकदाच वाजवून लगेच बाजूला व्हायचीस. मी घरी येऊन तेवढा भाग कापायचो. आतापर्यंत अकरा लेणी झाली, प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला तू आहेस आणि लोकांनी बघितलेल्या एकाही चित्रात तू नाहीस.

वाऱ्याचं दुखणं राहिलं होतं. आण्णानं दिलेली स्पंजाची टोपी डोंगरावर काही कामाची नव्हती, फडफड यायचीच. तू ट्रंकेतून प्रसेनजीतची लहानपणीची केसाळ कानटोपी काढलीस, तिची कड कापलीस आणि माईकला बोटभर पिशवी शिवलीस. मी त्यावर काय म्हणालो ते तुला आठवत असेलच, मला आठवत नव्हतं. आता आठवतं, कारण मी ते ऐकलंय. त्या पिशवीनं वारा असा अडवला की आण्णानं सुद्धा ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि कुणी शिवली म्हणून विचारलं. मी म्हणालो, घरात केली.

तू शिरोळला गेलीस तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला तुझाही राग आला. भावजयीचं बरं नाही, आठ दिवसांत येते म्हणालीस. आठाचे पंधरा झाले, पंधराचे तीस. फोन केला की “बरं हाय” आणि “जेवलासा का” यापलीकडं तुझ्याकडनं शब्द नाही. डिसेंबरात विहारात आपली सीडी दाखवायची आहे, कार्यकर्ते रोज विचारतात, दोन लेणी अजून राहिलीत आणि टाळी द्यायला माणूस नाही. मी एकटा गेलो. कॅमेरा दगडावर ठेवायचा, पळत पुढं यायचं, टाळी वाजवायची, धाप लागलेली असताना बुद्धाच्या शांतीवर बोलायचं. गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी बंड केलं. तेव्हा मी चिमणाबाईंच्या समोर म्हणालो, बायकांना कामाच्या वेळीच माहेर आठवतं. त्यांनी त्या दिवशी एकच भाकरी दिली.

आता मुद्द्याकडं येतो. मागच्या मंगळवारी सीडीच्या कामाला बसलो. स्पंजाच्या टोपीतला आवाज चांगला की तू शिवलेल्या पिशवीतला, हे एकदा कायमचं ठरवायचं होतं, म्हणून सगळ्या फिती, फिती म्हणजे त्या रेकॉर्डरमधली सगळी रेकॉर्डिंगं, पहिल्यापासून ऐकायला घेतली. तोवर मी कधीच सगळं ऐकलं नव्हतं. टाळी शोधायची, माझं भाषण उचलायचं, बाकीचं टाकून द्यायचं, हीच रीत. पण रेकॉर्डर मी सकाळी चालू करून खिशात टाकत होतो आणि तो दिवसभर चालू राहत होता. त्यामुळं दोन भाषणांच्या मधलंही सगळं त्यात आहे. माझ्या कॉलरला लागलेला तो गुंडीएवढा माईक तोंडाजवळचं फार स्वच्छ ऐकतो, आण्णा म्हणाला होता तसं.

पहिल्यांदा मला वाटलं दुसरं कुणीतरी बोलतंय. भाषणातला माझा आवाज मला ओळखीचा आहे, भारदस्त, स्टँडवरचा, ‘आहे’ आणि ‘नाही’वाला. त्या दोन भाषणांच्या मधे जो माणूस बोलत होता त्याला मी कधी ऐकलं नव्हतं. “ए, बाजूला सर.” “ए, पिशवी तिकडं ठेव, चित्रात येतीया.” “ए, तुला काय कळतंय त्यातलं.” तू शिवलेल्या त्या पिशवीवर, “ह्ये काय उंदराचं पिल्लू आणलंईस?” आणि त्यावर अगदी हळू, लांबून, तुझा आवाज, “वारं अडंल की.” आणि मी, “गप.” मी हे सगळं तीन तास ऐकलं. त्या तीन तासांत तुझं नाव एकदाही नाही. नुसतं ए. पोहाळ्याला नवा माईक घेऊन परत गेलो तेव्हा तू मला विचारलंयस, “हितं बसून बायकाबी शिकल्या असतील का वो?” इतका चांगला प्रश्न मला अकरा लेण्यांत एकदाही सुचला नाही. मी उत्तर दिलंय, “टाळी दे.” शालन, शिकल्या होत्या की नाही हे मला ठाऊक नाही. ठाऊक नव्हतं म्हणूनच मी तसं म्हणालो असणार.

मी रेकॉर्डर बंद केला आणि परसात जाऊन ओकलो. अक्षरशः ओकलो. चिमणाबाईंना वाटलं पिठलं बाधलं. मी त्यांना तसंच वाटू दिलं. ओकारी आली ती शब्दांनी नाही, तशी भाषा आपल्याकडं घरोघर चालते. ओकारी आली कारण तो आवाज मी ओळखला. असाच आवाज मी कॉलेजात असताना ऐकलेला आहे, आबांना भाकरी घेऊन गुऱ्हाळावर जायचो तेव्हा. माझे वडील, आकाराम, काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं घालायचे. गुऱ्हाळाचा मालक शिवी देत नव्हता, हात उगारत नव्हता, सणाला गूळ घरी पाठवायचा. तो फक्त ए म्हणायचा. आबांकडं न बघता, दुसऱ्या कुणाशी बोलता बोलता, ए, आणि आबा हातातलं टाकून पळायचे. त्या एका अक्षराची मला इतकी घाण वाटायची की मी ठरवलं होतं, शिकेन, नोकरी धरेन आणि माइकवरून माणसांना ‘प्रवासी बंधू-भगिनींनो’ म्हणेन. तसं मी म्हणत राहिलो. आणि तो मालक सगळा वेळ माझ्या घशात बसून होता, घरात आलं की बाहेर यायचा.

आबांची ती गोष्ट तुला पाठ आहे, प्रत्येक व्याख्यानात मी ती सांगतो. मालकानं भर दुपारी त्यांना बैलगाडीजवळ उभं केलं, “हितंच थांब, मी आलोच” म्हणाला आणि मोटारीत बसून गडहिंग्लजला निघून गेला. विसरला. आबा दिवेलागणीपर्यंत तिथंच उभे होते. मी भाकरी घेऊन गेलो तेव्हाही हलले नाहीत. मी चिडून विचारलं, का थांबलासा, तर म्हणाले, “थांब म्हणालतं न्हवं.” एवढं सांगितलं की सभागृह गप्प होतं. बायका डोळे पुसतात. माझा हुकमी एक्का आहे तो.

उलटी झाल्यावर मी तोंड धुतलं आणि उरलेलं ऐकायला बसलो, कारण अर्धं ऐकून पळून जाणं आणखी घाणेरडं वाटलं. शेवटचं रेकॉर्डिंग होतं अकरा ऑक्टोबरचं. मसाई पठारावरचं, ज्याला लोक पांडवदरा म्हणतात त्या लेण्यांपाशी आपण गेलो होतो तो रविवार. तू गेलीस त्याच्या आदला दिवस. तिथं वारा भन्नाट होता. मी माईक तुझ्या पदराला अडकवला, रेकॉर्डर तुझ्या हातात दिला, तुला कड्याजवळ उभं केलं आणि म्हणालो, वाऱ्याची चाचणी घ्यायची आहे, मी सांगेपर्यंत मोज. तू विचारलंस, तुमाला लांबनं ऐकू येतंय व्हय? मी म्हणालो, “ह्यातलं सगळं मला ऐकू येतंय, तू मोज.” म्हणजे घरी गेल्यावर ऐकू येईल, असं मला म्हणायचं होतं. पण तुला ते तसं कळायचं काही कारण नव्हतं. स्टँडवर मी माइकमध्ये बोललेलं साऱ्या गावाला त्याच क्षणी ऐकू जातं, हे तू आयुष्यभर बघितलंयस. तुला माईक म्हणजे तेच.

मी लेण्यात गेलो कॅमेरा मांडायला. तिथं इचलकरंजीचे चार-पाच जण आले होते, एक प्राध्यापक होते, त्यांनी मला ओळखलं, तुमचं इंटरनेटवर बघितलं म्हणाले. मग काय, माझं सुरू झालं.

तू मोजत होतीस. एक, दोन, तीन, शाळेत म्हणतात तसं, स्वच्छ. तू शिवलेल्या पिशवीमुळं वारा नुसता लांबून गेल्यासारखा येतो आणि तुझा शब्द न् शब्द ऐकू येतो. एकोणसाठनंतर तू सत्तर म्हणालीस. थांबलीस. “न्हाय, साठ” म्हणालीस आणि परत पन्नासपासून मोजत आलीस. चुकलं म्हणून तू मागं जाऊन दुरुस्त केलंस. शंभरानंतर वाटलं आता थांबशील, तर एकशे एक. दोनशेच्या पुढं तुला खोकला आला, तू तोंड बाजूला केलंस, खोकलीस आणि परत माइकजवळ येऊन तोच आकडा घेतलास. तीनशेच्या पुढं वारा जरा पडला आणि मागून लांबून माझा आवाज यायला लागला. दगडावर आपटून येतो तसा, तुटक तुटक. मी प्राध्यापकांना आबांची गोष्ट सांगत होतो. “हितंच थांब म्हणाला,” मी सांगतोय, आणि तू, “तीनशे एकेचाळीस.” “आणि विसरून गेला,” मी सांगतोय, “तीनशे बेचाळीस.”

चारशे बारावर तू थांबलीस. अगदी माइकला तोंड लावून, हळू म्हणालीस, “आवं, अजून मोजू?” मग तू वाट बघितलीस. मी घड्याळ लावून बघितलं, अकरा सेकंद. मागं लांबून मी कशावर तरी हसलेला ऐकू येतो. मग तू म्हणालीस, “चारशे तेरा.”

सहाशे सव्वीसपर्यंत मोजलंस. त्यानंतर एक श्वास आहे आणि तू म्हणालीस, “बास.” रागानं नाही. भाताला पाणी पुरे झालं की म्हणतेस तसं. मग पदरातून चिमटा काढल्याचा आवाज येतो, वायर गुंडाळल्याचा, आणि सामानाच्या पिशवीत ठेवल्याचा. बंद कसं करायचं ते मी तुला कधी दाखवलंच नव्हतं, म्हणून रेकॉर्डर पिशवीत चालूच राहिला. त्यात पुढं मी आलोय. “ए, झालं का मोजून?” तू, “व्हय.” मी, “नीट मोजलंस न्हवं? न्हायतर परत यायला लागंल.” तू, “नीट मोजलं.” मी, “चल, टाळी दे.” आणि तू टाळी दिलीस. ती चित्रात आहे. तुझे हात एकमेकांवर येतात, तू कॅमेऱ्याकडं बघत नाहीस, माझ्याकडंही बघत नाहीस, आणि बाजूला होतेस. ती मी कापली होती.

मंगळवारपासून आज रविवार, मी हे पाच वेळा ऐकलं. विहारात कळवलंय की यंदा सीडी होणार नाही. आबांची गोष्टही मी पुन्हा सांगणार नाही. ती मालकाची गोष्ट समजून मी चाळीस वर्षं सांगत होतो, आणि मालक कोण ते मला परवा कळलं. काल पुन्हा पठारावर गेलो, एकटाच. तू उभी होतीस त्या कड्यावर उभा राहिलो आणि सहाशे सव्वीस मोजले. चौदा मिनिटं लागली. वारा कानात नुसता ओतत होता. अडीचशेच्या पुढं पाय भरून आले आणि चारशेच्या पुढं कुणीतरी येऊन पुरे म्हणावं असं मला वाटायला लागलं. कोण येणार. येताना गाडीत बसायला जागा मिळाली नाही, उभ्यानंच घरी आलो.

आता हे पत्र कशाला, ते सांगतो. पहिलं म्हणजे तुला हे कळायला हवं की त्या यंत्रातून मला तिथं काही ऐकू येत नव्हतं. तो आवाज नुसता साठतो, पोचत नाही. चारशे बारावर तू विचारलंस ते मी ऐकून गप बसलो, असं समजून तू सहा आठवडे शिरोळला बसली आहेस, हे मला ते ऐकताना कळलं. ही माझी सफाई नव्हे. यंत्र नसतं आणि तू माझ्या कानाशी येऊन विचारलं असतंस, तरी मी ‘गप’ असंच म्हणालो असतो, त्याचे तीन तासांचे पुरावे माझ्याकडं आहेत. दुसरं, मी तुला परत ये म्हणत नाही. धम्मपालच्या घरी तुला तुझ्या नावानं हाक मारतात, तिथं पाहिजे तेवढी रहा. आणि फोन का केला नाही, तर मंगळवारपासून तीनदा फोन हातात घेतला आणि तीनही वेळा पहिलं अक्षर तोंडात आलं ते ए. तोंडातला तो माणूस मेल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार नाही. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागदावर लिहिलं. मी सांगेपर्यंत मोज म्हणालो होतो आणि सांगायचं राहून गेलं, तेवढं सांगायला हे पत्र. शालन, बास. नीट मोजलंस. आता मोजू नकोस.

तुझाच,
बाळासो